कोतवाल, पेशवेकालीन पुण्याचा

कोतवाल, पेशवेकालीन पुण्याचा : पेशवाईच्या उत्तरार्धात पुणे शहराचा बंदोबस्त, लहानमोठ्या कज्ज्यांचा निवाडा, बाजारावरील देखरेख आणि नागरी नोंदी या कामांसाठी सरकारने नेमलेला मुख्य अधिकारी. आजच्या परिभाषेत पोलीसप्रमुख, दंडाधिकारी आणि नगरपालिकेचा मुख्याधिकारी या तिघांची कामे त्याच्याकडे एकवटलेली होती. लोकस्मृतीत हे पद मुख्यतः घाशीराम कोतवालाच्या नावाने आणि त्याच्या दुष्कीर्तीने शिल्लक आहे. परंतु मराठी कागदपत्रे व समकालीन यूरोपीय वृत्तान्त यांवरून या पदाचे दैनंदिन स्वरूप बरेच विस्ताराने कळते. पुण्याच्या कोतवालीचे सामर्थ्य तिच्या एकवटलेल्या अधिकारांत होते आणि तिचा मूलभूत दोषही त्यातच होता.

व्युत्पत्ती व पूर्वपरंपरा : ‘कोतवाल’ हा शब्द फार्सी राज्यव्यवहारातून मराठीत रूढ झाला असला, तरी त्याचे मूळ ‘कोट’ म्हणजे किल्ला व ‘पाल’ म्हणजे रक्षक या भारतीय शब्दांत आहे, असे सामान्यतः मानले जाते. पद मात्र शब्दाहून प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात नगराच्या कारभारासाठी ‘नागरक’ हा अधिकारी सांगितला असून त्याच्या हाताखाली नगराच्या चतुर्थांशावर ‘स्थानिक’ आणि ठराविक कुटुंबांवर ‘गोप’ असे अधिकारी असत. आल्यागेल्या पाहुण्यांची वर्दी देणे, रात्री ठराविक वेळेनंतर संचारबंदी पाळणे, आगीविषयी दक्षता घेणे, हे नियम तेथे आढळतात. अबुल फज्ल याच्या आईन-इ-अकबरीत कोतवालाची कर्तव्ये दिली आहेत : घरांची व रस्त्यांची नोंद ठेवणे, प्रत्येक मोहल्ल्यावर एक प्रमुख नेमणे, येणाऱ्याजाणाऱ्यांची माहिती मिळवणे, भाव व वजनेमापे तपासणे, बेवारस मालमत्तेची व्यवस्था लावणे इत्यादी. मराठ्यांनी ही मोगल चौकट स्वीकारली आणि तिला आपल्या पेठांच्या व चावड्यांच्या रचनेची जोड दिली. पुण्याखेरीज नाशिक, पंढरपूर, सातारा, अहमदनगर यांसारख्या मोठ्या गावीही कोतवाल असत.

शहराची वाढ व पदाची गरज : पहिल्या बाजीरावाने पुण्यात वास्तव्य केल्यावर आणि शनिवारवाडा बांधल्यावर (१७३०–३२) कसब्यापुरते मर्यादित असलेले गाव झपाट्याने वाढू लागले. शनिवार, बुधवार, रविवार, सोमवार, मंगळवार, शुक्रवार या पेठांमागोमाग सदाशिव, नारायण, गणेश, भवानी, नाना इ. पेठा वसल्या आणि पेशवाईच्या अखेरीस पेठांची संख्या अठरापर्यंत पोहोचली. नवी पेठ वसवताना तेथे शेटे व महाजन नेमले जात. ते व्यापाऱ्यांना व कारागिरांना आणून वसवीत आणि त्याबद्दल त्यांना काही हक्क मिळत. पेठेच्या दैनंदिन कारभारावर कमाविसदार असे व लहान तक्रारींचा निकाल तोच लावी.

वाढत्या शहराची लोकसंख्या पेशवाईच्या अखेरच्या काळात लाखाच्या घरात होती. तीत सरदारांचे शिलेदार व शिबंदी, परप्रांतीय सावकार, कारागीर, यात्रेकरू व दक्षिणेसाठी येणारे विद्वान यांचा मोठा भरणा असे. श्रावणमासातील दक्षिणेच्या समारंभाला देशाच्या दूरदूरच्या भागांतून हजारो ब्राह्मण पुण्यात येत. शस्त्रधारी माणसांची आणि तात्पुरत्या वस्तीची एवढी गर्दी गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या पद्धतीने सांभाळणे शक्य नव्हते. १७६३ मध्ये निजाम अलीच्या फौजेने पुण्याची लूट व जाळपोळ केली. त्यानंतर शहराची घडी पुन्हा बसवावी लागली. थोरल्या माधवरावाच्या कारकीर्दीत (१७६१–७२) पुण्याच्या कोतवालीला निश्चित स्वरूप मिळालेले दिसते.

कार्ये : या काळात कोतवालाला दिलेल्या कलमबंदीवरून त्याच्या कामाची व्याप्ती ध्यानात येते. पेठांच्या कमाविसदारांकडून न मिटणारे महत्त्वाचे कज्जे त्याने निकालात काढावयाचे. जिनसांचे भाव बांधून द्यावयाचे. सरकारी कामासाठी मजूर व बिगारी पुरवावयाचे. घरे व जागा यांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवावयाची. शहरात येणाऱ्या व शहर सोडणाऱ्या लोकांची यादी करावयाची. रस्ते, बोळ व घरांच्या हद्दी यांविषयीचे तंटे पाहावयाचे, असा त्याचा तपशील आहे. जुगार कोतवालाच्या परवानगीवाचून खेळू नये आणि परवानगी दिल्यास तीबद्दल शुल्क घ्यावे, असेही एक कलम होते. म्हणजे व्यसनाचा समूळ नायनाट करण्याऐवजी ते नजरेखाली ठेवून त्यापासून उत्पन्न काढावयाचे, असे हे धोरण होते.

यांपैकी बहुतेक कामे चोर पकडण्याशी प्रत्यक्ष संबंधित नाहीत, ही गोष्ट लक्षणीय आहे. धान्याचा भाव चढला, घराची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत गेली, परगावचा इसम वाड्यात उतरला किंवा जागेचे खरेदीखत झाले, तरी त्या प्रत्येक प्रसंगी रहिवाशाचा संबंध कोतवालाच्या कचेरीशी येत असे. शहराविषयीची सर्वांत अधिक माहिती ज्या कचेरीत गोळा होई, तीच कचेरी पहारा ठेवी, तीच माणसाला अटक करी, तीच त्याच्या खटल्याचा निकाल देई आणि दंडही तीच वसूल करी.

यंत्रणा : कोतवालाचे मुख्य ठाणे म्हणजे कोतवाल चावडी. बुधवार पेठेतील कोतवाल चावडीचे नाव पेशवाई लयास गेल्यानंतरही पुणेकरांच्या बोलण्यात दीर्घकाळ टिकून राहिले. मुख्य चावडीखेरीज निरनिराळ्या पेठांत चौक्या असत. कोतवालाच्या दिमतीस कारकून, प्यादे व गस्तीचे स्वार असत आणि रात्रीच्या पहाऱ्यासाठी रामोशी असत. रामोशी हे गावगाड्यातील परंपरागत राखणदार होत. आपल्या हद्दीत चोरी झाल्यास माग काढणे आणि माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवणे ही त्यांची जबाबदारी असे; माग न लागल्यास नुकसानीची तोशीसही त्यांना सोसावी लागे. सामूहिक जबाबदारीचे ग्रामीण भागातील हे तत्त्व अशा रीतीने राजधानीच्या बंदोबस्तात आणले गेले.

पेशव्यांच्या नोकरीत असलेला आयरिश सेनाधिकारी विल्यम हेन्री टोन याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या बंदोबस्ताची वाखाणणी केली आहे. त्याच्या वर्णनानुसार रात्री दहाच्या सुमारास तोफ उडे. त्यानंतर रस्त्यावर आढळणाऱ्याला गस्तवाले धरून सकाळपर्यंत अडकवून ठेवीत आणि सकाळी कोतवाल त्याची सुटका करी. अवेळी बाहेर पडल्यामुळे खुद्द पेशव्यालाही एकदा रात्रभर अडकून पडावे लागले, असे टोन लिहितो. ही हकीगत अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. तथापि नियम सर्वांना सारखा लागू आहे, अशी शहरात समजूत होती, एवढे तिच्यावरून दिसते.

उत्पन्न व खर्च : कोतवालीचे उत्पन्न खटल्यांतील दंड (गुन्हेगारी) व हरकी म्हणजे जिंकणाऱ्या पक्षाकडून घेतलेली रक्कम, परवान्यांचे शुल्क आणि विक्रीव्यवहारांवरील आकार यांपासून येई. हा पैसा सरकारी हिशेबात जमा होत असला, तरी जो अधिकारी दंड ठरवतो त्याच्याच खात्याचे यश वसुलीवरून मोजले जाण्याचा धोका या पद्धतीत होता. खर्चाविषयी मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरील आपल्या अहवालात (१८१९) माहिती दिली आहे. त्यानुसार दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्याच्या बंदोबस्तावर दरमहा सुमारे ९,००० रुपये खर्च होत. शहरात शस्त्रधारी व बेकार माणसांचा एवढा जमाव असूनही मालमत्ता पुष्कळच सुरक्षित होती, असा त्याचा अभिप्राय आहे. नव्याने सत्तेवर आलेल्या आणि जुन्या राजवटीचे दोष दाखवण्यास प्रवृत्त असलेल्या प्रशासकाचा हा अभिप्राय असल्याने त्याला विशेष महत्त्व आहे.

घाशीराम कोतवाल : घाशीराम सावळदास हा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण औरंगाबादकडून पुण्यात आला. सवाई माधवरावाच्या बालपणी कारभार नाना फडणिसाच्या हाती असताना, १७७७ मध्ये त्याची कोतवाल म्हणून नेमणूक झाली आणि पुढे सुमारे चौदा वर्षे तो या पदावर होता. नानाचा त्याच्यावर विश्वास होता. राजकारणातील गुप्त हालचालींच्या त्या काळात शहरातील बातमी वेळेवर पुरवणारा अधिकारी कारभाऱ्याला मोलाचा वाटे. याच कारणाने त्याच्याविरुद्धच्या तक्रारींकडे दुर्लक्ष होत गेले असावे.

ऑगस्ट १७९१ मध्ये श्रावणातील दक्षिणेसाठी आलेले तेलंगणातील काही ब्राह्मण भवानी पेठेच्या बाजूस असलेल्या घाशीरामाच्या बागेत उतरले. त्यांनी बागेतील फळे तोडल्याची तक्रार झाली आणि कोतवालाच्या शिपायांनी त्यांना धरून एका कोंदट जागेत कोंडून ठेवले. हवेअभावी त्यांच्यापैकी बरेच जण गुदमरून मृत्यू पावले. वृत्तान्तांत आकड्यांचा फरक असला, तरी एकवीस मृत्यूंचा आकडा सामान्यतः दिला जातो. मानाजी शिंदे (फाकडे) या सरदाराला ही गोष्ट कळली. त्याने ती जागा उघडवली आणि प्रकरण पेशव्यापर्यंत नेले. संतप्त ब्राह्मणांचा मोठा जमाव शनिवारवाड्यापुढे जमला. नानाने प्रथम सबुरीचे धोरण ठेवले. परंतु जमावाचा क्षोभ आणि न्यायाधीश अय्याशास्त्री यांचे मत यांपुढे त्याला माघार घ्यावी लागली. घाशीरामाची धिंड काढून त्याला जमावाच्या स्वाधीन करण्यात आले आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी दगडांच्या माऱ्याने त्याचा अंत झाला. त्या वेळी पुण्यात असलेला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याही पत्रव्यवहारात या प्रकरणाची नोंद आहे.

या घटनेचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. पहिली, कोठडीतील मृत्यूंची. अटक केलेल्यांना कोणापुढे आणि किती वेळात हजर करावयाचे, त्यांना कोठे व कशा स्थितीत ठेवावयाचे आणि रात्रीतून त्यांची पाहणी कोणी करावयाची, याबाबतीत कोतवालावर प्रत्यक्ष चालणारा कोणताही अंकुश नव्हता. कोतवालाच्या वर न्यायाधीश व हुजूर होते हे खरे. परंतु तक्रार वाड्यापर्यंत पोहोचली तरच त्यांचा अधिकार चाले आणि तक्रार तेथवर नेण्यासाठी या प्रसंगी एका बड्या सरदाराची मध्यस्थी लागली. दुसरी गोष्ट शिक्षेची. रीतसर चौकशी व निवाडा होऊन शासन होण्याऐवजी गुन्हेगार जमावाच्या हाती देण्यात आला. त्यामुळे क्षोभ शमला. पण शिपायांपासून कारभाऱ्यापर्यंत जबाबदारी कोणाची किती होती, याचा निर्णय झाला नाही. व्यक्तीला शासन झाले, पदाची रचना मात्र होती तशीच राहिली. कोतवालीचे पद घाशीरामानंतरही पेशवाईच्या अखेरपर्यंत चालू होते.

एदोच्या नगराधिकाऱ्यांशी तुलना : याच काळात जपानच्या तोकुगावा राजवटीत (१६०३–१८६८) एदो, म्हणजे आजच्या टोकिओ शहरात, सामुराई वर्गातील अधिकारी जवळजवळ हीच कामे पाहत होते. तेथील प्रमुखास ‘माची-बुग्यो’ म्हणत. पोलीसकाम, न्यायदान व नागरी कारभार हे तिन्ही अधिकार त्याच्याही हाती असत. त्याच्या हाताखाली ‘योरिकी’ हे वरिष्ठ व ‘दोशिन’ हे कनिष्ठ सामुराई अधिकारी असून आकडी असलेला ‘जित्ते’ हा लोखंडी दंडुका त्यांच्या अधिकाराची खूण होती. सुमारे दहा लाख वस्तीच्या त्या शहरात योरिकींची संख्या पन्नासच्या आसपास आणि दोशिनांची दोनशेहून थोडी अधिक होती. त्यामुळे बहुतेक भार पुण्याप्रमाणेच वस्तीतील लोकांवर पडे : शेटे-महाजनांशी तुलना करता येईल असे नगरवडील व मोहल्ल्याचे मुखिया तेथे होते आणि रात्री दहाच्या सुमारास मोहल्ल्यांची दारे बंद होत.

दोन्ही शहरांतील महत्त्वाचा भेद अधिकाराच्या विभागणीत होता. एदोमध्ये थोडा काळ वगळता दोन माची-बुग्यो असत आणि त्यांच्या उत्तर व दक्षिण अशा दोन कचेऱ्या आळीपाळीने एकेक महिना नव्या फिर्यादी स्वीकारीत. ज्या कचेरीची पाळी नसे ती जुनी प्रकरणे निकालात काढी. सामुराई व मंदिरांच्या जागा त्यांच्या कक्षेबाहेर होत्या आणि ‘मेत्सुके’ नावाचे निरीक्षक अधिकाऱ्यांवर नजर ठेवीत. ही व्यवस्था निर्दोष होती असे नाही. कबुलीजबाबासाठी छळ तेथेही होई आणि दोशिनांचे खबरे पुष्कळदा पूर्वीचे गुन्हेगारच असत. मात्र एकाच माणसाच्या हाती दीर्घकाळ सर्व अधिकार राहू नयेत, याची काही तजवीज तेथे होती. पुण्यात ती कोतवालाच्या स्वभावावर व कारभाऱ्याच्या दक्षतेवर सोपवलेली राहिली.

उत्तरकाल : नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. पहिला कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन याच्या काळात जुनी बंदोबस्ताची व्यवस्था एकदम न मोडता दंडाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणली गेली. कोतवालाची कामे नंतर क्रमाने निरनिराळ्या खात्यांत वाटली गेली. नागरी कामे १८५७ मध्ये स्थापन झालेल्या नगरपालिकेकडे, खरेदीखतांची नोंद नोंदणी खात्याकडे आणि पहाऱ्याचे काम जिल्हा पोलिसांकडे गेले. १ जुलै १९६५ रोजी पुणे शहरासाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय स्थापन झाले. इकडे ‘कोतवाल’ ही संज्ञा प्रतिष्ठेच्या पदावरून उतरून ग्रामीण महाराष्ट्रात तलाठ्याच्या हाताखालील गावकामगारासाठी दीर्घकाळ वापरली गेली. स्वतःहून मोठ्या पक्ष्यांना पिटाळून लावणाऱ्या काळ्या पक्ष्यालाही मराठीत कोतवाल हेच नाव आहे.

साहित्य व रंगभूमी : मोरोबा कान्होबा यांचे घाशीराम कोतवाल हे पुस्तक १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, आरंभीच्या मराठी कल्पित गद्यात त्याची गणना होते. वसंत सबनीस यांच्या विच्छा माझी पुरी करा या लोकनाट्यात रिक्त झालेल्या कोतवालपदाभोवती विनोद रचला आहे. विजय तेंडुलकर यांचे घाशीराम कोतवाल हे नाटक डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम सादर झाले आणि त्यावर मोठा वाद माजला. सत्ताधारी आपल्या सोयीसाठी एखादा घाशीराम निर्माण करतात व गरज सरताच त्याचा बळी देतात, हे या नाटकाचे सूत्र आहे. नाटकातील नाना व घाशीराम यांचे कौटुंबिक संबंध हा नाटककाराच्या कल्पनेचा भाग असून इतिहासाचा पुरावा म्हणून त्यांचा आधार घेता येत नाही.

मूल्यमापन : पुण्याच्या कोतवालीने मर्यादित मनुष्यबळावर व माफक खर्चात एका अस्थिर राजधानीत मालमत्तेची बरीच सुरक्षितता साधली, हे तिचे श्रेय मान्य करावे लागते. तिच्या अपयशाचे कारण केवळ घाशीरामाच्या क्रौर्यात शोधणे अपुरे ठरेल. धरणारा, कोंडणारा, निवाडा करणारा व दंड घेणारा अधिकारी एकच असला, की त्याच्या चुकीची दाद त्याच्याच दारी मागावी लागते. स्वतंत्र भारताच्या संविधानातील बाविसाव्या अनुच्छेदाने अटक केलेल्या व्यक्तीस प्रवासाचा काळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक केले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायदानाचे अधिकार कार्यकारी यंत्रणेपासून वेगळे केले आणि त्या संहितेतील २००५ च्या दुरुस्तीने पोलीस कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे सोपवली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही अशा चौकशीची तरतूद आहे. १७९१ च्या श्रावणात भवानी पेठेत कोंडलेल्या परदेशस्थ माणसांना यांपैकी एकाही तरतुदीचे संरक्षण नव्हते. अशा तरतुदी केवळ कागदावर असून भागत नाही. त्या प्रत्येक अटकेच्या वेळी पाळल्या गेल्या तरच त्यांचा उपयोग होतो, हे पुण्याच्या कोतवालीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.